एआयकडून कोड लिहून घेताना वीज कुठे जाते आणि ती कशी वाचवायची

गुगलने ऑगस्ट २०२५मध्ये आपली मोजणी जाहीर केली. जेमिनी अ‍ॅपला विचारलेल्या मजकुरी प्रश्नांचा मध्यक घेतला, तर एका प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागतं. नऊ वॉटचा एलईडी दिवा दीड मिनिट लावला तर एवढी वीज जाते. हा आकडा वाचून बरेच डेव्हलपर निश्चिंत होतात, आणि गफलत इथेच होते. कोडिंग एजंटचं, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायरी-पायरीने करणाऱ्या एआय साधनाचं, काम एका प्रश्नावर थांबत नाही. 'लॉगिनचा बग काढ' एवढं सांगितलं की तो फाइली उघडतो, शोधतो, बदल करतो, टेस्ट चालवतो, चुकतो, पुन्हा बदल करतो. यातल्या प्रत्येक पायरीला मॉडेलला नव्याने विचारावं लागतं, आणि दर वेळी आधीचं सगळं संभाषण सोबत जातं. मग प्रत्येक पुशमागे, म्हणजे कोड सामायिक साठ्यात पाठवला की, पाइपलाइन (आपोआप टेस्ट आणि बिल्ड करणारी यंत्रणा) धावते. शेवटी तो कोड सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालतो. म्हणून एका प्रश्नाची वीज किती, यावर वाद घालण्यापेक्षा एकच गोष्ट किती वेळा पुन्हा होते ते पाहा. खालचे सगळे उपाय पुनरावृत्ती कमी करण्याचे आहेत. गिटहबवर रेपो (कोडचा सामायिक साठा) असलेली, रोज कोडिंग एजंट वापरणारी पाच-सहा जणांची टीम डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत.

सुरुवात मोजणीपासून

दोन आठवडे काहीही न बदलता तीन आकडे लिहून ठेवा: मॉडेलला गेलेले आणि त्याच्याकडून आलेले टोकन (मजकुराचे छोटे तुकडे), पाइपलाइनची मिनिटं, आणि मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट (मूळ कोडमध्ये सामावले गेलेले बदलांचे प्रस्ताव). एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट मॉडेलला विचारण्याच्या सोयीच्या, प्रत्येक उत्तरात वापराचा तपशील असतो. त्यात इनपुट, आउटपुट आणि कॅशमधून (आधीच्या आकडेमोडीच्या साठ्यातून) वाचलेले टोकन वेगवेगळे दिसतात. पाइपलाइनची मिनिटं गिटहबच्या बिलिंग पानावर मिळतात. पहिल्या दोन आकड्यांना तिसऱ्याने भागा. 'एका मर्जमागे इतके टोकन, इतकी मिनिटं' ही तुमची मोजपट्टी.

भागणं का, तर नुसत्या बेरजेवरून काही कळत नाही. काम वाढलं की बेरीज वाढणारच. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या ज्या सूत्राला आयएसओ/आयईसी २१०३१:२०२४ म्हणून मानक मान्यता मिळाली, त्याची मांडणीही अशीच आहे: वापरलेली वीज गुणिले त्या ठिकाणच्या विजेची कार्बन तीव्रता, त्यात हार्डवेअर बनवतानाच्या उत्सर्जनाचा वाटा मिळवायचा आणि हे सगळं ठरलेल्या एककाने भागायचं. पायथनच्या कामाची वीज मोजायला कोडकार्बन आणि एपीआयच्या हाकांचा अंदाज घ्यायला इकोलॉजिट्स ही मोफत साधनं आहेत. ती वापरा, पण त्यांनी दाखवलेल्या कार्बनच्या ग्रॅमना पक्कं मोजमाप समजू नका. निर्णय टोकन आणि मिनिटांवर घ्या, कारण हे दोन आकडे खरोखर तुमच्या हातात आहेत.

वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याचा मोह टाळा. मिस्ट्राल या एआय कंपनीने जुलै २०२५मध्ये ४०० टोकनच्या एका उत्तरासाठी १.१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४५ मिलिलिटर पाणी असा आकडा दिला. गुगलच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा त्यातला पाण्याचा आकडा सुमारे १७० पट मोठा दिसतो, पण दोघांनी हिशोबात धरलेल्या सीमाच वेगळ्या आहेत. शिवाय गुगलचा कार्बनचा आकडा, ०.०३ ग्रॅम, कंपनीने केलेली हरित वीजखरेदी धरून काढलेला आहे. तीच ०.२४ वॉट-तास वीज भारताच्या ग्रिडवरची धरली, म्हणजे युनिटमागे सुमारे ०.७ किलो, तर फक्त विजेपोटीच साधारण ०.१७ ग्रॅम होतात.

सगळ्यात मोठी गळती: फुगत जाणारं सेशन

मॉडेलला स्वतःची आठवण नसते. म्हणून एजंट प्रत्येक पायरीला पूर्ण संभाषण पुन्हा पाठवतो: सूचना, वाचलेल्या फाइली, टेस्टचे लॉग, सगळं. समजा सुरुवातीचा मजकूर १५ हजार टोकनचा आहे आणि प्रत्येक पायरीला ३ हजारांची भर पडते. तीस पायऱ्यांच्या एका सेशनमध्ये मिळून १८ लाख ४५ हजार इनपुट टोकन जातात. तेच काम दहा-दहा पायऱ्यांच्या तीन सेशनमध्ये केलं, तर बेरीज ९ लाख ४५ हजारांवर येते. काम तेच, टोकन जवळपास निम्मे.

म्हणून एक काम, एक सेशन. बग निघाला की क्लॉड कोडमध्ये 'क्लिअर' ही कमांड द्या, इतर साधनांत नवीन चॅट उघडा. काम लांबलंच तर एजंटकडून दहा-बारा ओळींची नोंद लिहून घ्या: काय झालं, काय उरलं, कुठल्या फाइलींना हात लागला, काय करून पाहिलं आणि जमलं नाही. ही नोंद नव्या सेशनला द्या. 'जमलं नाही' हा भाग गाळलात तर नवं सेशन तीच चूक पुन्हा करून बघेल आणि सगळी बचत वाया जाईल.

यावर कोणी म्हणेल की प्रॉम्प्ट कॅशिंग आहेच की. आहे, आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. मजकुराचा सुरुवातीचा भाग अक्षरशः तोच असेल, तर सर्व्हर त्याची आकडेमोड पुन्हा करत नाही. अँथ्रॉपिककडे कॅशमधून वाचलेल्या टोकनचा दर मूळ दराच्या दहा टक्के आहे, यावरूनच किती काम वाचतं याचा अंदाज येतो. पण ही कॅश सहज तुटते. सूचनांच्या पहिल्या ओळीत आजची तारीख-वेळ घातली, तर त्यापुढचं सगळं दर वेळी नवं ठरतं. मध्येच मॉडेल बदललं किंवा एखादं टूल चालू-बंद केलं तरी तेच. अँथ्रॉपिकची साधी कॅश पाच मिनिटं टिकते, म्हणजे चहा घेऊन येईपर्यंत ती गेलेली असते. तेव्हा बदलणारा मजकूर शेवटी ठेवा, टूल आणि मॉडेल सुरुवातीलाच ठरवा, आणि मोठी सुट्टी घेण्याआधी सेशन संपवा. वापराच्या तपशिलात कॅशमधून वाचलेल्या टोकनचा आकडा शून्याच्या आसपास दिसला, तर काहीतरी दर वेळी बदलतंय असं समजून वरून खाली शोधत या.

मुळात जो मजकूर नको, तो आत जाऊच देऊ नका. लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी), बिल्ड फोल्डर, मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट, टेस्टच्या स्नॅपशॉट फाइली एजंटच्या वगळण्याच्या यादीत टाका. मराठी इंटरफेस असलेल्या प्रकल्पात भाषांतराच्या फाइलीही त्याच यादीत जाव्यात. देवनागरी मजकुराचे टोकन इंग्रजीपेक्षा जास्त होतात. मे २०२४मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना दाखवलेल्या नमुन्यात मराठी मजकूर ९६ टोकनवरून ३३वर आला होता, तर त्याच अर्थाचा इंग्रजी मजकूर २७वरून २४वर. नव्या मॉडेलांत फरक पुष्कळ घटला आहे, म्हणून प्रश्न मराठीत विचारायला अजिबात कचरू नका. पण दोन हजार ओळींची मराठी भाषांतराची फाइल दर पायरीला पाठवणं हा निव्वळ अपव्यय आहे. एजंटला त्यातली हवी ती ओळ शोधून वाचायला सांगा.

टेस्टचे लॉग हा असाच लपलेला खर्च. सगळ्या टेस्ट चालवून तीन हजार ओळी एकदा कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलला जाणाऱ्या मजकुरात) शिरल्या की सेशन संपेपर्यंत त्या प्रत्येक हाकेसोबत जातात. टेस्ट चालवणाऱ्या साधनांपैकी पायटेस्टला पहिल्या अपयशाला थांबण्याचा आणि फक्त मागच्या वेळी फसलेल्या टेस्ट चालवण्याचा पर्याय आहे, तर जेस्टला बदललेल्या फाइलींशी संबंधित टेस्टच चालवण्याचा. हे पर्याय आणि 'आउटपुटच्या शेवटच्या ४० ओळीच वाच' ही सूचना प्रकल्पाच्या सूचना-फाइलमध्ये कायमची लिहून ठेवा. ती फाइलसुद्धा साठ-सत्तर ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण तीही प्रत्येक हाकेसोबत जाते. एजंटला बाहेरची टूल पुरवणाऱ्या, जोडलेल्या एमसीपी सर्व्हरचंही तसंच. न वापरणाऱ्या टूलची वर्णनं बऱ्याच साधनांत प्रत्येक वेळी सोबत जातात. डेटाबेसचं काम नसेल तर डेटाबेसचा सर्व्हर बंद ठेवा.

काम नेमकं सांगा, आणि थांबायला शिका

मोघम सूचनेची किंमत शोधाशोधीत मोजावी लागते. सूचनेत चार गोष्टी हव्यात: फाइलचा मार्ग, अपेक्षित वागणूक, आत्ता फसणारी टेस्ट, आणि कशाला हात लावायचा नाही. फसणारी टेस्ट आधी स्वतः लिहिलीत तर सगळ्यात उत्तम, कारण मग 'झालं' म्हणजे काय यावर एजंटला अंदाज बांधावा लागत नाही.

दोन प्रयत्नांत दुरुस्ती जमली नाही तर थांबा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात एजंट आपल्याच चुकीच्या गृहीतकावर इमले चढवत जातो, आणि त्या चुका कॉन्टेक्स्टमध्ये असल्यामुळे बाहेर पडणं अवघड होतं. बदल मागे घ्या, कारण स्वतः शोधा, नवं सेशन उघडा. एजंट वापरल्याने वेळ वाचतोच असंही गृहीत धरू नका. मीटर या संस्थेने जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांनी २४६ कामं केली. एआय साधनं वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगवान झालो असं वाटत होतं.

नियमाने होणारी कामं मॉडेलला देऊच नका. नाव बदलणं एडिटरचं रिफॅक्टर करतं, मांडणी फॉर्मॅटर सुधारतो, न वापरलेले इम्पोर्ट लिंटर काढतो. दोनशे फाइलींमध्ये जुनी डेट लायब्ररी काढून नवी घालायची असेल, तर एजंटला दोनशे फाइली वाचायला-लिहायला लावू नका. बदल करणारी साठ ओळींची स्क्रिप्ट त्याच्याकडून लिहून घ्या, तीन फाइलींवर तपासा आणि स्वतः चालवा. ज्या आठ-दहा फाइली स्क्रिप्टला झेपत नाहीत तेवढ्याच एजंटला द्या. रोजच्या कामात एवढी मोठी बचत देणारा दुसरा उपाय मला दिसत नाही.

मॉडेल निवडताना सवय उलटी करा: आधी लहान, अडलं तरच मोठं. टेस्टचा सांगाडा, कमिट मेसेज, साधी एपीआय जोडणी लहान मॉडेलला सहज जमते. 'सखोल विचार' करणारा मोड फक्त खऱ्या गुंत्यासाठी ठेवा. आउटपुटचा प्रत्येक टोकन एकेक करून तयार होतो, आणि विचार करताना असे हजारो टोकन तयार होऊन फेकले जातात. म्युनिकच्या संशोधकांनी २०२५मध्ये १४ मॉडेलांना प्रत्येकी हजार प्रश्न विचारले. विचार करणाऱ्या मॉडेलांनी एका प्रश्नामागे सरासरी ५४३.५ विचार-टोकन वापरले, तर थोडक्यात उत्तर देणाऱ्यांना ३७.७ पुरले. एकच काम चार एजंटांना समांतर देऊन त्यातलं चांगलं निवडण्याची पद्धत सध्या फोफावते आहे. तिचा खर्च सरळ चौपट असतो. टाइप करता करता आपोआप येणाऱ्या सूचना मार्कडाउन आणि कॉन्फिगरेशन फाइलींसाठी बंद करा. जमलं तर कळ दाबल्यावरच येतील अशा ठेवा.

पाइपलाइन

एजंट दर दहा मिनिटांनी पुश करतो, आणि प्रत्येक पुश पूर्ण टेस्ट-संच नव्या मशीनवर सुरू करतो. गिटहब अ‍ॅक्शन्स या गिटहबच्या पाइपलाइन-सोयीत पुढचे बदल एका दुपारी होतात.

१. एका ब्रांचवर नवा पुश आला की जुना रन रद्द होईल अशी कन्करन्सी सेटिंग लावा. हे फक्त पुल रिक्वेस्टसाठी. डिप्लॉयच्या (कोड सर्व्हरवर चढवण्याच्या) वर्कफ्लोला लावलंत तर डिप्लॉयमेंट अर्धवट तुटेल.

२. जॉबची कालमर्यादा १५ मिनिटं ठेवा. काही न लिहिल्यास ती ३६० मिनिटं असते. अडकलेली एक टेस्ट सहा तास मशीन जागं ठेवते.

३. नुसतं डॉक्युमेंटेशन बदललं तर टेस्ट नकोत. पण इथे एक खड्डा आहे. वर्कफ्लोच्या पातळीवर पाथ फिल्टर लावला आणि ती तपासणी मर्जसाठी सक्तीची असेल, तर वगळलेली तपासणी 'प्रलंबित' राहते आणि मर्ज अडतं. लोक वैतागून फिल्टरच काढून टाकतात. त्याऐवजी अट जॉबच्या पातळीवर लिहा. वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

४. डिपेंडन्सीची (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींची) कॅश लॉक फाइलच्या हॅशवर बांधा. डॉकरफाइलमध्ये आधी लॉक फाइल कॉपी करा, मग इन्स्टॉल, मग बाकी कोड. क्रम उलटा असेल तर एक ओळ बदलली तरी सगळं पुन्हा उतरवलं जातं.

५. तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि चार आवृत्त्या म्हणजे बारा जॉब. पुल रिक्वेस्टवर एकच चालवा, सगळे बारा जॉब मर्जच्या वेळी.

एआय रिव्ह्यू बॉट अनेकदा प्रत्येक पुशवर पूर्ण डिफ (केलेला बदल) पुन्हा वाचतो. तो ड्राफ्टवर बंद ठेवा; पुल रिक्वेस्ट 'तयार' झाली की एकदाच चालू द्या. एजंटला सूचना-फाइलमध्ये लिहा: लोकल टेस्ट पास झाल्याशिवाय पुश नाही. पुल रिक्वेस्ट बंद होताच तिचं प्रिव्ह्यू एन्व्हायर्नमेंट पुसलं जाईल असं पाहा. स्टेजिंग सर्व्हर (प्रकाशनाआधीच्या चाचणीचा) आठवड्याच्या १६८ तासांऐवजी कामाचे ५० तास चालवला तर ७० टक्के वेळ वाचतो.

जो कोड तयार झाला, तो कसा चालतो

एखादं फीचर लिहायला लागलेली वीज एकदाच जाते. तो कोड दिवसाला लाखो वेळा चालतो. एजंटचा कोड दहा ओळींच्या डेटावर पास होतो आणि तिथेच तपासणी संपते, हा खरा धोका.

नेहमी दिसणाऱ्या चुका ठरावीक असतात. शंभर ऑर्डरची यादी दाखवायला १०१ क्वेरी (डेटाबेसला विचारणा): एक यादीसाठी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एकेक. सगळे कॉलम मागवून त्यातले दोनच वापरणं. आणि पोलिंग: दर पाच सेकंदांनी 'काही नवीन?' विचारणारं पान दिवसाला १७,२८० विनंत्या पाठवतं. अशी एक हजार पानं सतत उघडी असतील तर आकडा पावणेदोन कोटींच्या घरात जातो. तीस सेकंदांचं अंतर ठेवलं तरी तो एक षष्ठांश होतो, आणि सर्व्हरकडून बदल कळवण्याची सोय केली तर रिकाम्या विनंत्या जवळपास संपतात.

उपाय असा: टेस्ट डेटाबेसमध्ये किमान एक लाख ओळी भरा आणि प्रत्येक महत्त्वाच्या पानाला किती क्वेरी लागतात यावर टेस्ट लिहा. मर्यादा ओलांडली की टेस्ट फसली पाहिजे. नव्या क्वेरीचा एक्स्प्लेन आराखडा (डेटाबेस ती कशी चालवणार ते) पुल रिक्वेस्टमध्ये जोडायला एजंटलाच सांगा. नवी लायब्ररी घेण्याआधी परवानगी मागायची, हीही ओळ सूचना-फाइलमध्ये हवी. आणि पिन कोड किंवा जीएसटी क्रमांकाचा साचा तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन पुरतं; तिथे मॉडेलला हाक मारणारा कोड एजंटने लिहिला असेल तर तो परत पाठवा.

लॅपटॉपवरचं मॉडेल, आणि कधी-कुठे चालवायचं

ओलामा या स्वतःच्या संगणकावर मॉडेल चालवण्याच्या साधनात क्वेन २.५ कोडरचं सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४.७ जीबीत बसतं आणि १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. खासगी कोडसाठी आणि ऑफलाइन कामासाठी ते चांगलं आहे, पण ते आपोआप हरित ठरत नाही. डेटा सेंटरमध्ये एकाच चिपवर अनेकांची उत्तरं एकत्र तयार होतात. तुमच्या लॅपटॉपवर फक्त तुमचं. उत्तराला एक मिनिट लागलं आणि त्या काळात लॅपटॉपने ४० वॉट जादा ओढले, तर ०.६७ वॉट-तास झाले. लहान कामं, छोटी उत्तरं यासाठी ते वापरा. त्यासाठी नवं यंत्र मात्र घेऊ नका, कारण लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो.

शेकडो फाइलींचं डॉक्युमेंटेशन किंवा टेस्ट लिहून घेण्यासारखी घाई नसलेली कामं बॅच एपीआयला द्या. चोवीस तासांत उत्तर देण्याच्या बोलीवर ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघंही निम्मा दर लावतात, आणि सर्व्हर मोकळे असतील तेव्हा ती कामं उरकता येतात. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी जड कामं, म्हणजे पूर्ण टेस्ट-संच, बिल्ड, मॉडेलचं मूल्यमापन, आपण सवयीने रात्री लावतो. सर्व्हर भारतात असतील तर ही सवय बदला. आपल्या ग्रिडवर सौर वीज सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान भरपूर असते. रात्री भार मुख्यतः कोळशावर येतो. क्रॉनची (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीची) वेळ दुपारी साडेबाराची करा.

मुंबईऐवजी हैदराबादचा क्लाउड विभाग निवडून फारसा फरक पडत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून देशाचं ग्रिड एकच आहे. पाइपलाइनचे रनर (ती चालवणारी यंत्रं) स्टॉकहोमसारख्या, जलविद्युत आणि अणुविजेवर चालणाऱ्या विभागात हलवले तर फरक मोठा पडतो, आणि रनरला दोनशे मिलिसेकंदांचा विलंब जाणवतही नाही. मात्र तिकडे फक्त बनावट टेस्ट डेटा पाठवा. पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१८चा नियम आहे, आणि खऱ्या डेटाबेसची प्रत टेस्टसाठी वापरणाऱ्या टीमने आधी ती प्रत काढून टाकल्याशिवाय रनर हलवू नयेत.